दुर्बिणीची नजर स्थिर ठेवणारा इवलासा लोलक

दीर्घिका आणि तेजोमेघ यांची रंगीत छायाचित्रे पाहणाऱ्याला ती एका क्षणात टिपलेली असावीत असे वाटते. वस्तुस्थिती अगदी उलट असते. अशा एकेका चित्रामागे कित्येक तासांचा प्रकाश साठवलेला असतो, आणि त्या सर्व काळात दुर्बिणीची नजर एकाच बिंदूवर खिळून राहिलेली असते. ही नजर सुईच्या अग्राइतकीही ढळली, तरी तारे ठिपक्यांऐवजी रेघोट्यांसारखे उमटतात आणि रात्रभराची मेहनत वाया जाते. हौशी खगोल छायाचित्रणात कॅमेरा आणि दुर्बीण यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु चित्राचे यशापयश पुष्कळदा ज्या लहानशा उपकरणावर अवलंबून असते, त्याची माहिती मात्र फारशी होत नाही. 'ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर' हे त्या उपकरणाचे नाव.

पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला या वेगाने पश्चिमेकडे सरकताना दिसते. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. दुर्बीण ज्या यांत्रिक बैठकीवर बसवलेली असते ती याच वेगाने उलट फिरली, तर तारा जागच्या जागी स्थिर दिसतो. तत्त्व सोपे आहे; अडचण आहे ती दंतचक्रांची. कोणतेही दंतचक्र परिपूर्ण नसते. बैठकीच्या मुख्य चक्राला १८० दाते असतील, तर त्याला फिरवणारा मळसूत्री दंड सुमारे आठ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. त्या प्रत्येक फेरीत दुर्बीण किंचित पुढे आणि किंचित मागे झुलते. मध्यम किमतीच्या बैठकीत हा झोका वीसेक विकलांचा असणे मुळीच नवलाचे नाही.

वीस विकला म्हणजे किती, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. आठ इंची, म्हणजे २०३ मि.मी. व्यासाची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या परिचयाची आहे. तिचे नाभीय अंतर २०३२ मि.मी. असते. त्यावर ०.६३ पट करणारे भिंग बसवले की ते १२८० मि.मी. होते. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील एकेक चित्रकण ३.८ मायक्रॉनचा असेल, तर या दुर्बिणीतून प्रत्येक कणावर आकाशाचा ०.६१ विकला एवढाच तुकडा पडतो. (मायक्रॉनमधील कणाच्या मापाला २०६.२६५ ने गुणून मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागले की हा आकडा मिळतो.) याचा अर्थ, वीस विकलांच्या झोक्यात ताऱ्याचे बिंब तेहतीस चित्रकणांवरून घसरत जाते. ठिपक्याची रेघ होण्यास एवढे पुरेसे आहे.

डोळ्यांनी राखलेली पहाट

ही अडचण खगोल छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेतील हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा काचेवर ५१ मिनिटे प्रकाश पडू द्यावा लागला होता. इंग्लंडमधील अँड्र्यू कॉमन हे पेशाने अभियंता आणि छंदाने खगोलनिरीक्षक. त्यांनी १८८३ मध्ये याच तेजोमेघाचे अधिक सरस छायाचित्र घेतले आणि पुढच्याच वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळवले. दुर्बीण हलवण्याऐवजी छायाचित्राची काचच दोन दिशांनी सरकवता येईल, अशी चौकट त्या दशकात वापरात आली. काचेच्या कडेला एक लहान नेत्रिका असे. मुख्य चित्राच्या बाहेरचा एखादा तारा त्या नेत्रिकेतील उभ्या-आडव्या तारांच्या छेदावर धरून ठेवायचा. तो जरा हलला की स्क्रू फिरवून काच सरकवायची.

एडविन हबल यांनी १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेची जी छायाचित्रे घेतली आणि ज्यांत सेफिड प्रकारचा रूपविकारी तारा सापडला, तीसुद्धा डोळ्यांनी असाच पहारा देत घेतलेली होती. त्यांचे सहकारी मिल्टन ह्युमेसन मूळचे खेचरे हाकणारे. वेधशाळेचे सामान डोंगरावर नेणारे. औपचारिक शिक्षण बेताचेच. परंतु दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट मिळवण्यासाठी कडाक्याच्या थंडीत, अनेक रात्री, तासन्‌तास दुर्बिणीची नजर स्थिर ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. विश्वाच्या प्रसरणाचा शोध अशा चिकाटीवर उभा आहे.

आज माणसाच्या डोळ्याची जागा दुसऱ्या, छोट्या कॅमेऱ्याने घेतली आहे. तो दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याचे चित्र घेतो. संगणक त्या ताऱ्याचा मध्यबिंदू चित्रकणाच्या लहानशा अंशापर्यंत मोजतो. तारा जागचा हलला असेल तर बैठकीच्या मोटारींना सूक्ष्म धक्का देऊन तो पूर्वस्थानी आणला जातो. यालाच 'गायडिंग' म्हणतात आणि त्या ताऱ्याला मार्गदर्शक तारा.

दोन दुर्बिणी, दोन नजरा

हा छोटा कॅमेरा बसवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे मुख्य दुर्बिणीच्या पाठीवर दुसरी लहान दुर्बीण बांधणे. कमी नाभीय अंतराच्या दुर्बिणींना ही पद्धत उत्तम चालते. नाभीय अंतर वाढले की मात्र तिचा दोष उघडा पडतो. संगणक लहान दुर्बिणीतील ताऱ्याला स्थिर ठेवतो. मुख्य दुर्बीणही त्याच वेळी स्थिर आहे, हे त्याने केवळ गृहीत धरलेले असते. लहान दुर्बीण दोनशे मिलिमीटर अंतरावरच्या दोन कड्यांत धरलेली असेल, तर त्यांतील एक कडे दुसऱ्याच्या मानाने केवळ एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, झुकले तरी नजर एका विकलेने बदलते. दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळत असताना तिच्या वजनाची दिशा सतत बदलत असते. एवढ्या काळात एखादा स्क्रू, एखादी केबल किंवा धातूची पट्टी मायक्रॉनभरही वाकू नये, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीत आणखी एक गोम आहे. तिचा मुख्य आरसा मधल्या नळीवर पुढे-मागे सरकवून प्रतिमा स्पष्ट केली जाते. दुर्बीण कलली की हा आरसाही स्वतःच्या वजनाने किंचित कलतो. पाठीवरच्या दुर्बिणीला त्याची गंधवार्ताही नसते. अशा वेळी पडद्यावरचा गायडिंगचा आलेख सरळ, आदर्श दिसतो आणि प्रत्यक्ष चित्रात मात्र तारे लांबुळके उमटतात. नवख्या निरीक्षकाला बुचकळ्यात टाकणारी याहून मोठी गोष्ट नाही.

ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर यावर मूळातूनच उपाय करतो. दुर्बिणीतून कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या प्रकाशाच्या वाटेवर, अगदी कडेला, साधारण आठ मिलिमीटरचा एक लोलक बसवलेला असतो. मुख्य संवेदकावर न पडता वाया जाणारा कडेचा प्रकाश तो काटकोनात वळवून बाजूच्या नळीतील छोट्या कॅमेऱ्याकडे पाठवतो. दोन्ही कॅमेरे एकाच आरशातून, एकाच भिंगातून पाहतात. आरसा कलला तर दोन्ही चित्रे बरोबरच सरकतात आणि ती चूक संगणकाच्या नजरेतून सुटत नाही. १९९० साली अवकाशात पाठवलेल्या हबल दुर्बिणीतही हेच तत्त्व योजलेले आहे. तिच्या दृष्टिक्षेत्राच्या कडेचा प्रकाश लहान आरशांनी वळवून तीन मार्गदर्शक संवेदकांकडे नेला जातो आणि त्यांच्या आधारे तिची नजर विकलेच्या हजारांश भागांत मोजावी इतकी स्थिर राहते.

मग सगळेच हे उपकरण का वापरत नाहीत? कारण त्याची जुळणी चिकाटीची परीक्षा पाहते. छोट्या कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही, म्हणून दोन-तीन रात्री फुकट घालवून ते कपाटात ठेवून देणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने आकाश मिळत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत चांदण्या रात्री वगळल्या, तर अमावास्येच्या आगेमागे येणाऱ्या मोजक्याच रात्री हाती राहतात. मुंबई-पुण्याच्या उजेडापासून दूर जाऊन मिळवलेली अशी रात्र जुळणीत घालवणे कोणालाच परवडणारे नाही. सुदैवाने या जुळणीचा मोठा भाग घरी, टेबलावर आणि दिवसाउजेडी करता येतो.

आधी अंतराचा हिशेब

पहिले काम मापनपट्टीचे. वर उल्लेखिलेले ०.६३ पटीचे भिंग त्याच्या मागच्या कडेपासून सुमारे १०५ मि.मी. अंतरावर संवेदक असावा या हिशेबाने बनवलेले असते. समजा, दुर्बिणीकडील जोडनळी ५० मि.मी. लांब आहे, गायडर १६.५ मि.मी. जाडीचा आहे, गाळण्यांचे चक्र २० मि.मी. आहे आणि मुख्य कॅमेऱ्यात संवेदक पुढच्या कडेपासून १७.५ मि.मी. आत आहे. यांची बेरीज १०४ मि.मी. होते. आता गाळणीची काच विचारात घ्यावी लागते. काचेमुळे प्रतिमा काचेच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश मागे सरकते. दोन मिलिमीटर जाडीच्या गाळणीसाठी ०.७ मि.मी. अधिक धरल्यास एकूण १०५.७ मि.मी. हवेत. म्हणजे १.७ मि.मी. जाडीच्या चकत्या वाटेत बसवल्या की हिशेब जुळतो.

या साखळीत क्रम महत्त्वाचा आहे. गायडर नेहमी गाळण्यांच्या आधी, दुर्बिणीच्या बाजूला असावा. तो गाळण्यांच्या मागे बसवला, तर हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशापुरती खिडकी उघडी ठेवणारी गाळणी मार्गदर्शक ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अडवते आणि तारा दिसेनासा होतो.

दुसरा हिशेब त्याहून महत्त्वाचा, आणि जुळणीचे सारे मर्म त्यात आहे. लोलकापासून मुख्य संवेदक जितका दूर, तितक्याच प्रकाशीय अंतरावर छोट्या कॅमेऱ्याचा संवेदक असला पाहिजे. तरच एक प्रतिमा स्पष्ट असताना दुसरीही स्पष्ट होईल. वरील उदाहरणात लोलकाच्या मध्यापासून मुख्य संवेदक सुमारे ४६ मि.मी. अंतरावर येतो. बाजूच्या नळीत नेमके ४६ मि.मी. मोजून मात्र काम भागत नाही. मुख्य वाटेवर गाळणीची काच आहे, ती बाजूच्या वाटेवर नाही. उलट बाजूच्या वाटेवर लोलकाची आठ मिलिमीटर काच आहे आणि ती तिथली प्रतिमा अडीच-पावणेतीन मिलिमीटर बाहेर ढकलते. म्हणून छोटा संवेदक प्रत्यक्षात ४८ मि.मी.च्या आसपास येईल. पट्टी एवढेच सांगते. शेवटचा निर्णय डोळ्यांनी, प्रतिमा पाहून करायचा असतो.

लोलक किती आत?

लोलक जितका मध्याकडे, तितके तारे रेखीव आणि तेजस्वी दिसतात. परंतु तो फार आत आला, तर त्याची सावली मुख्य चित्रावर पडते. येथेही थोडा हिशेब उपयोगी पडतो. मुख्य संवेदक १७.७ × १३.४ मि.मी. आहे असे समजू. लोलक संवेदकाच्या लांब बाजूसमोर ठेवावा. तिथे मध्यापासून चित्राची कड अवघ्या ६.७ मि.मी.वर असते. तो आखूड बाजूसमोर ठेवला, तर ८.९ मि.मी. आणि कोपऱ्यासमोर ठेवला, तर ११ मि.मी.हून अधिक दूर ठेवावा लागतो. यात प्रकाशशंकूची रुंदी मिळवायची. एफ/६.३ च्या दुर्बिणीत संवेदकापासून ४६ मि.मी. अलीकडे हा शंकू ७.३ मि.मी. रुंद असतो, त्याचा अर्धा भाग ३.६ मि.मी. म्हणजे लोलकाची आतली कड मध्यापासून साधारण साडेदहा मिलिमीटरवर राहिली, तर सावलीची भीती नाही.

याची खातरजमा करण्यासाठी सायंकाळच्या एकसारख्या उजळ आकाशाकडे दुर्बीण रोखावी, तोंडावर स्वच्छ पांढरे कापड ताणून बांधावे आणि मुख्य कॅमेऱ्याने एक चित्र घ्यावे. चित्राच्या एका लांब कडेला मध्यभागी अंधूक काळसर पट्टा दिसला, तर ती लोलकाची सावली समजावी आणि तो अर्धा-एक मिलिमीटर बाहेर ओढावा. सावली नाहीशी झाली की लोलकाचा स्क्रू घट्ट आवळावा. नंतर तो ढिला झाला तर सारा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

दिवसा करायचे काम

नंतरची पायरी आहे दूरचे लक्ष्य शोधण्याची. गच्चीवरून दिसणारा, दोन-तीन किलोमीटर दूरचा मोबाइलचा मनोरा यासाठी सोयीचा असतो. सूर्य ज्या बाजूला आहे त्या बाजूला दुर्बीण चुकूनही वळू देऊ नये. गाळणीविना सूर्याकडे रोखलेली दुर्बीण डोळा आणि कॅमेरा दोन्ही क्षणात निकामी करते.

प्रथम मनोरा मुख्य कॅमेऱ्याच्या मध्यभागी आणून दुर्बिणीच्या मूठीने प्रतिमा शक्य तितकी स्पष्ट करावी. एकदा हे झाले की ती मूठ विसरून जावी. छोट्या कॅमेऱ्याची प्रतिमा स्पष्ट करताना दुर्बिणीची मूठ फिरवणे, ही नवख्यांकडून होणारी सर्वांत सार्वत्रिक चूक होय. त्याने छोटी प्रतिमा सुधारते खरी, परंतु मुख्य प्रतिमा बिघडते. मग ती सुधारावी तर छोटी बिघडते, आणि हे रहाटगाडगे रात्रभर चालू राहते. मूठ मुख्य कॅमेऱ्यासाठी. छोट्या कॅमेऱ्यासाठी केवळ त्याची स्वतःची नळी, हा नियम कधीही मोडू नये.

मनोरा मुख्य चित्राच्या मध्यभागी असताना छोट्या कॅमेऱ्यात तो दिसणार नाही, कारण लोलक कडेला पाहतो. त्याचा मध्य अक्षापासून सुमारे १४ मि.मी. दूर असेल, तर १२८० मि.मी. नाभीय अंतराच्या दुर्बिणीत हे अंतर आकाशातील ३८ कलांइतके होते. पूर्ण चंद्राच्या व्यासाहून हे थोडे अधिकच. दुर्बीण लोलकाच्या दिशेने किंवा तिच्या उलट एवढी सरकवली की मनोऱ्याचा एखादा भाग छोट्या कॅमेऱ्यात येतो. सुरुवातीला तो धुक्यातल्या सावलीसारखा दिसेल. छोटा कॅमेरा नळीत सावकाश आत-बाहेर सरकवत लोखंडी पट्ट्यांच्या कडा स्पष्ट होईपर्यंत जावे आणि ती जागा पक्की करावी. मनोरा अनंत अंतरावर नाही, याची चिंता करण्याचे कारण नाही. ताऱ्यांसाठी दुर्बिणीची मूठ नंतर थोडी फिरवावी लागेल, तेव्हा दोन्ही प्रतिमा बरोबरीनेच सरकतील. त्यांच्यातील परस्पर जुळणी कायम राहील.

कधीकधी छोटा कॅमेरा नळीच्या तळाशी टेकतो, तरी प्रतिमा आणखी आत असावी असे दिसते. अशा वेळी दुर्बीण आणि गायडर यांच्यामध्ये बसवलेली चकती काढून गायडर आणि मुख्य कॅमेरा यांच्यामध्ये बसवावी. भिंगापासून मुख्य संवेदकाचे एकूण १०५.७ मि.मी. अंतर तसेच राहते. मात्र लोलक तेवढा पुढे सरकतो आणि छोट्या कॅमेऱ्याला तेवढीच अधिक जागा मिळते. याउलट, कॅमेरा नळीतून निसटण्याच्या बेतात आला तरी प्रतिमा आणखी बाहेर असेल, तर त्याच्याच पुढे एक जोडकडे बसवले की काम होते. जागा सापडल्यावर नळीवर बारीक खूण करून ठेवणे शहाणपणाचे.

रात्रीची कसोटी

रात्री उरते ते शेवटचे बारीक काम. एखादा तेजस्वी तारा मुख्य कॅमेऱ्यात घ्यावा आणि दुर्बिणीच्या तोंडावर तिरप्या फटींची बाहतिनोव्ह जाळी लावावी. पावेल बाहतिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने २००५ मध्ये सुचवलेल्या या जाळीमुळे ताऱ्यातून तीन किरणरेषा फुटलेल्या दिसतात. मधली रेषा इतर दोन रेषांच्या छेदावर आली की प्रतिमा अचूक ठरते. मग जाळी काढून दुर्बीण ३८ कला सरकवावी आणि तोच तारा छोट्या कॅमेऱ्यात आणावा.

जुळणीत अजून चूक असेल तर तारा मध्ये भोक असलेल्या कड्यासारखा दिसतो. ते भोक म्हणजे दुर्बिणीतील दुय्यम आरशाची सावली. छोटा कॅमेरा सरकवताना कडे लहान होत गेले तर दिशा बरोबर, मोठे झाले तर उलटी. कडे मिटून ठिपका झाला, तो लहानात लहान झाला, आणि पुढे सरकवल्यावर पुन्हा वाढू लागला, की त्या लहानतम जागी परत येऊन स्क्रू आवळावा. स्क्रू आवळताना कॅमेरा तिरपा होऊन प्रतिमा बिघडत नाही ना, हे पुन्हा पाहावे.

येथे अतिरेकी अचूकतेचा हट्ट नको. एफ/६.३ च्या दुर्बिणीत प्रतिमा स्पष्ट राहण्याची पट्टी सुमारे एक-दशांश मिलिमीटर रुंद असते. मुख्य कॅमेऱ्याला ती पाळावीच लागते. मार्गदर्शक तारा किंचित पसरट असला, तरी संगणक त्याचा मध्यबिंदू बिनचूक काढतो. त्याचप्रमाणे कडेचे तारे बहुधा गोल नसतात. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे किंवा लहानशा धूमकेतूसारखे दिसतात. तो जुळणीचा दोष नव्हे, दृष्टिक्षेत्राच्या कडेचा गुणधर्म आहे. आकार वेडावाकडा असला तरी तो दर चित्रात तसाच राहतो, आणि मोजायची असते ती त्याची हालचाल.

तारा सापडेना तेव्हा

छोट्या कॅमेऱ्याचा संवेदक ५.६ × ३.२ मि.मी. असेल, तर त्यात आकाशाचा १५ × ८.६ कलांचा तुकडा मावतो. चंद्रबिंबाच्या एक-चतुर्थांशाहूनही कमी. आकाशगंगेच्या पट्ट्यात एवढ्या जागेतही ताऱ्यांची दाटी असते. परंतु वसंतात सप्तर्षींच्या शेपटीजवळ दिसणाऱ्या एम-५१ या भोवरा दीर्घिकेचे चित्र घ्यायचे असेल, तर अडचण येते. ती आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर आहे आणि तिथे तारे विरळ. अशा वेळी छोट्या कॅमेऱ्याचे चार-चार चित्रकण एकत्र करून संवेदनक्षमता वाढवावी, एकेका चित्राचा काळ तीन-चार सेकंदांपर्यंत न्यावा आणि तेवढ्यानेही न भागल्यास गायडर मुख्य कॅमेऱ्यासह फिरवून लोलकाला आकाशाचा दुसरा तुकडा दाखवावा. कोणत्या कोनात तारा मिळेल, हे संगणकावरील तारानकाशात आधीच, घरी बसून पाहता येते.

गायडर फिरवला की संगणकाला दिशांची ओळख नव्याने करून द्यावी लागते. ही ओळखपरेड खगोलीय विषुववृत्त आणि याम्योत्तर वृत्त जिथे छेदतात त्या भागात करावी. मुंबईतून ही जागा दक्षिणेला ७१ अंश उंचीवर असते. हिवाळ्यात मृगातील बाणाचे तीन तारे तिथूनच जातात. संगणकात नाभीय अंतर म्हणून १२८० हाच आकडा भरावा. आधीच्या लहान दुर्बिणीचा आकडा तिथे राहून गेला तर सारी मोजमापे चुकतात. एक सेकंदाहून कमी काळाची चित्रे घेण्याचा मोहही टाळावा. हवेच्या थरथरीने तारा क्षणोक्षणी हलतो. त्या थरथरीच्या मागे दुर्बीण धावू लागली तर नजर स्थिर होण्याऐवजी अधिकच डळमळते.

गायडरने सर्वच चुका निस्तराव्यात, ही अपेक्षाही गैर. बैठकीचा अक्ष उत्तर ध्रुवाकडे नीट रोखलेला नसेल, तर मार्गदर्शक तारा जागेवर राहतो, पण त्याच्याभोवती सारे चित्र सावकाश फिरत जाते. महाराष्ट्रातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम १८-१९ अंशांवर असतो, पुष्कळदा धुरक्यात बुडालेला. म्हणून अक्षाची जुळवणी येथे अधिक काळजीने करावी लागते.

हे सारे एकदा नीट जमले, की पुढे फार काही करावे लागत नाही. कॅमेरे, चक्र आणि गायडर यांचा संच न उकलता तसाच पेटीत ठेवला, तर पुढच्या अमावास्येला मुख्य प्रतिमा स्पष्ट करताच छोटी प्रतिमा आपोआप स्पष्ट होते. रात्र थंडावत जाऊन नळी आकुंचन पावली आणि मूठ पुन्हा फिरवावी लागली, तरीही दोन्ही कॅमेरे एकमेकांची साथ सोडत नाहीत. ह्युमेसन यांना जो पहारा स्वतः उभे राहून द्यावा लागत होता, तो आता आठ मिलिमीटरचा लोलक देतो. पहाटे चित्रे उघडल्यावर कडेपासून कडेपर्यंत गोल, टपोरे तारे दिसले, की टेबलावर मापनपट्टी घेऊन घालवलेल्या त्या एका दुपारचे चीज होते.